शर्यतीचे मैदान आणि गिऱ्हाईक



कामगारांचा कार्यकर्ता घोड्यांच्या शर्यतींवर बोलणार, याचे काहींना नवल वाटेल. पण महालक्ष्मीच्या तबेल्यात घोड्याला खरारा करणारा सईस हाही कामगारच. मैदान ओस पडले की प्रथम त्याची भाकरी जाते.

बँडबाजा आणि मेजवानी यांनी माणूस एकदा येतो. पुन्हा का येईल? हाँगकाँगच्या हॅपी व्हॅलीत शर्यती बहुधा बुधवारी रात्री, दिव्यांच्या उजेडात होतात. कचेरीतून सुटलेला माणूस सरळ तेथे जाऊ शकतो. ही झाली वेळेची सोय. खरी गोम हिशेबात आहे. टोटमध्ये सर्वांचे पैसे एकत्र करतात, कर व क्लबाचा वाटा कापतात आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात. काप मोठा, तर गिऱ्हाईकाचा खिसा लवकर रिकामा. हाँगकाँगने २००६ साली उलाढालीवरचा कर काढून ढोबळ नफ्यावर बसविला. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ च्या दुरुस्तीने पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी पक्का झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्के झाला. मग माणूस चोरट्या बुकीकडे वळला तर दोष एकट्या त्याचा कसा?

मात्र पगाराचे पाकीट घेऊन खिडकीशी उभा राहणारा गिऱ्हाईक मला नको. त्याच्या घरी चूल पेटायची असते. त्यापेक्षा पॅडॉकचा कठडा मुलाबाळांसाठी खुला ठेवा. घोडा जवळून पाहायला पैज लावावी लागत नाही.