आधी लघवी, लगेच माप



अध्यक्षपद दिलेत, आभारी आहे. चोरखमारा फाटकातून पहाटे जंगलात गेलेली मंडळी वेळेत परतली, त्यांचेही आभार. वाघ दिसला की नाही ते जेवताना सांगा.

पत्रिकेत माझ्या नावापुढे बालमूत्रविकारांचा आढावा छापला आहे. तो तुम्ही सगळ्यांनी नियतकालिकांत वाचलेला असतो. मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे आणि ती सांगायला मी बरीच वर्षे थांबलो आहे.

मणक्याचा जन्मजात दोष असलेले मूल घ्या, नाहीतर मूत्रमार्गातल्या झडपेचे ऑपरेशन झालेला मुलगा. आपल्याला भीती असते किडनीची. लघवीच्या पिशवीतला दाब पाण्याच्या 40 सेंटिमीटरवर जाऊ लागला की किडन्या खराब व्हायला लागतात, आणि मूल अंगणात खेळतच असते. म्हणून लघवी झाल्यावर आत किती उरली ते बघायचे. सोनोग्राफीत पिशवीची लांबी, रुंदी, उंची आणि 0.52 यांचा गुणाकार. गणित शाळकरी आहे, पण ते करायचे लघवी झाल्याझाल्या.

प्रत्यक्षात काय होते? जंगलाकाठच्या गावातून नागपूर शंभरावर किलोमीटर. पोर अंधारात उठते, एसटीत बसते. सोनोग्राफीच्या दारात त्याला सांगतात, पाणी पिऊन या. ते लिटरभर पिते, लघवी करते, मग पुन्हा रांग.

काल इथे तासभर वाद झाला, हलवता येणाऱ्या छोट्या सोनोग्राफी यंत्राचे माप मुलांमध्ये भरवशाचे की नाही. माझ्याकडे सात वर्षांचा एक मुलगा होता. सात अधिक दोन गुणिले तीस, म्हणजे पिशवी 270 एमएलची. दर रिपोर्टात 90च्या आसपास शिल्लक. लघवी काढायला नळी सुरू करायची चर्चा झाली, तेव्हा बाप म्हणाला, "साहेब, मुतून आल्यावर तासभर बाकावरच बसला होता ना पोरगा." मुलाला दाखल केले, संडासातून आला तसा पलंगावर घेतला, वॉर्डातले छोटे यंत्र लावले. दहा-बारा एमएल. मोठे यंत्र अचूकच होते, पण ते तासाभरानंतरची लघवी मोजत होते. माझ्यापुरता वाद तिथे संपला.

आता विचारा, दाखल का केले? गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालची 2012ची नियमदुरुस्ती वाचा. हलवता येणारे यंत्र नोंदणीच्या जागेतच, दाखल रुग्णांसाठी. नाहीतर इतर आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या पथकात. कायद्याला माझा विरोध नाही. महाराष्ट्राने तो देशाच्या आधी, 1988 मध्ये केला, आणि तरीही 2011च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 894 मुली उरल्या. पहारा हवाच. पण कायद्याचे शब्द गर्भाचे लिंग ओळखू शकणाऱ्या यंत्राबद्दल आहेत. पडद्यावर चित्रच न दाखवणारे, फक्त एमएलचा आकडा देणारे यंत्र सात वर्षांच्या मुलाच्या पोटात कोणता गर्भ शोधणार? हे मी एका कार्यालयात विचारले. उत्तर आले, "अल्ट्रासाऊंड आहे ना? मग झाले."

नेदरलँड्समध्ये पोटावर चिकटवायचे सेन्स-यू नावाचे यंत्र निघाले, पिशवी भरत आली की मुलाला इशारा देणारे. आपण मात्र अजून एसटीचे वेळापत्रक बघतो.

आणि घरीच माप घ्यायला आईच्या हाती यंत्र द्यायचे म्हटले की इथे कपाळाला आठ्या पडतात. 1972 मध्ये लॅपिडीस या मूत्ररोगतज्ज्ञांनी सांगितले की नळी निर्जंतुक नसली तरी चालेल, स्वच्छ असली की पुरे. तेव्हाही आठ्या पडल्याच असतील. आज याच जिल्ह्यातल्या आया दिवसातून चार-पाच वेळा मुलांना नळी घालतात, लघवी मापात ओततात, वहीत आकडा लिहितात. शरीराच्या आत नळी घालायला आई चालते, मग पोटावर प्रोब टेकवायला का नको?

फक्त आकडा देणारी यंत्रे या नियमातून वगळा, असे निवेदन सरकारला द्यावे लागेल. मसुदा कोणी करायचा ते जेवणानंतर बघू. कलमे खरोखर वाचलेला कोणी असेल तर बरे. आशाताईंचे प्रशिक्षण, यंत्रांचा खर्च, नोंदींची पद्धत यांवरही एकदा बसू. रेडिओलॉजीतल्या मित्रांनी सही करावी अशी माझी इच्छा आहे. नाही केली, तरी निवेदन जाईल.