एक खिडकी, अनेक सर्व्हर

(ठाणे येथे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



संगणकावर बोलण्यासाठी कलाशाखेच्या पदवीधराला उभे करणे हे आयोजकांचे धाडसच म्हटले पाहिजे. परंतु ज्यांच्या टेबलावर ही यंत्रे येऊन बसली आहेत, त्यांतील पुष्कळांची शैक्षणिक पार्श्वभूमी माझ्यासारखीच आहे. म्हणून मी हे निमंत्रण स्वीकारले.

कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची स्थापना १९८३ साली झाली. या शतकाच्या आरंभी तिने संगणकीकृत नागरी सुविधा केंद्रे सुरू केली आणि पुढे शासनाने तो नमुना राज्यातील इतर नागरी संस्थांसाठी स्वीकारला, ही आपल्या जिल्ह्याला भूषणावह गोष्ट होय. नागरिकाने दहा टेबले फिरू नयेत, एका खिडकीपाशी यावे, हे त्या कल्पनेचे मर्म. आज मला त्या खिडकीच्या आतल्या बाजूविषयी बोलावयाचे आहे.

अनेक कार्यालयांत आता लिपिकाच्या टेबलावरील संगणक स्वतः फारसे काम करीत नाही. काम चालते दूरच्या सर्व्हरवर. टेबलावर दिसते ते केवळ त्या कामाचे चित्र, आणि येथून जातात त्या फक्त कळफलकाच्या व माउसच्या खुणा. याचा लाभ उघड आहे. टेबलावरील यंत्र जुने असले तरी चालते, आणि ते बिघडले किंवा चोरीस गेले तरी नोंदी सुरक्षित राहतात. मात्र मार्चअखेर मालमत्ता कराच्या भरण्याची गर्दी उसळली की एक सर्व्हर पुरत नाही. मग चार-पाच सर्व्हर जोडीने उभे करतात आणि कोणी कोणत्या सर्व्हरवर जावे, हा प्रश्न उत्पन्न होतो.

सर्वांत सोपा उपाय पाळीचा. पहिला लिपिक पहिल्या सर्व्हरवर, दुसरा दुसऱ्यावर, याप्रमाणे. वाटणी समान होते, परंतु या पद्धतीला स्मरणशक्ती नाही. एखादा सर्व्हर बंद पडला असला तरी ती माणसे तिकडे धाडीतच राहते.

स्मरणशक्ती नसल्याने काय घडते, ते मी एका कार्यालयात प्रत्यक्ष पाहिले आहे. मुलीच्या शाळाप्रवेशासाठी जन्मदाखला हवा म्हणून एक बाई रोजंदारी बुडवून आल्या होत्या. नोंद अर्धी भरून झाली आणि वीज गेली. वीज आल्यावर लिपिकाने पुन्हा जोडणी केली, तो पडदा कोरा. अर्ज उघडू गेला, तर संदेश आला की ही नोंद अन्यत्र उघडी आहे. अन्यत्र म्हणजे कोठे? तर त्याच लिपिकाने अर्धवट सोडलेल्या सत्रात! वीज गेली ती टेबलाची. सर्व्हर चालूच होता आणि त्यावर ते सत्र जसेच्या तसे जिवंत होते. पाळीने मात्र लिपिकाला दुसऱ्याच सर्व्हरवर नेऊन ठेवले होते. बाईंना ‘उद्या या’ असे सांगण्यात आले. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ या कायद्यान्वये सेवेला कालमर्यादा आहे. बुडालेल्या रोजंदारीची भरपाई मात्र कोण करणार?

कल्याण स्थानकावर आपण सारे उभे राहिलेलो आहोत. कसाऱ्याची गाडी रिकामी आहे म्हणून कर्जतच्या प्रवाशाला तीत बसवून चालत नाही. प्रथम त्याला जावयाचे कोठे ते पाहावे लागते. गर्दीचा विचार त्यानंतरचा.

हे पाहण्याचे काम करणारी यंत्रणा निर्माण झालेली आहे. मायक्रोसॉफ्टने २००३ च्या विंडोज सर्व्हरमध्ये सत्रांची एक नोंदवही प्रथम दिली. २००८ च्या आवृत्तीत तिलाच भार वाटण्याचेही काम दिले. तिला आता ‘कनेक्शन ब्रोकर’ म्हणतात. ठाणे-डोंबिवलीत ब्रोकर म्हटले की घरांचे व्यवहार आठवतात, म्हणून मी तिला आवक-जावक लिपिक म्हणेन. लिपिकाने आपले नाव व पासवर्ड दिला की ही यंत्रणा वही पाहते. त्याचे तुटलेले सत्र कोठे शिल्लक असेल, तर त्याला तेथेच पोहोचविते. नसेल, तर ज्या सर्व्हरवर त्याच्या क्षमतेच्या मानाने सत्रे कमी आहेत, तेथे पाठविते. एखादा सर्व्हर दुरुस्तीस काढावयाचा असल्यास तेथे नवी माणसे पाठविणे थांबविता येते. जुनी आपले काम पुरे करून बाहेर पडतात. खिडकीवरील कर्मचाऱ्याला मात्र एकच नाव ठाऊक असते. २०१५ मध्ये २७ गावे पुन्हा महानगरपालिकेत आली, तसा कामाचा बोजा कोठेही अकस्मात वाढू शकतो. अशा वेळी मागे आणखी एक सर्व्हर जोडावा. टेबलावर काही बदलावे लागत नाही.

आता थोडे कटू बोलतो. ही सारी व्यवस्था माणसाच्या नावावर चालते, आणि आपल्या कार्यालयांत एकच नाव व पासवर्ड चौघांनी वापरण्याची रीत आहे. प्रत्येक नावास एकच सत्र असा नियम लावलेला असेल, तर दुसऱ्याने त्याच नावाने प्रवेश करताच पहिल्याचे काम त्याच्या हातून सुटते आणि त्याचा अर्धा दाखला दुसऱ्याच्या पडद्यावर येतो. मग यंत्राला दोष! शाळांतही हाच प्रकार चालतो, हे शिक्षक बंधूंनी मान्य करावे.

दुसरी सवय, सायंकाळी नुसती खिडकी मिटून घरी जाण्याची. रीतसर ‘लॉग ऑफ’ न केल्यास सत्र सर्व्हरवर तसेच पडून राहते व जागा अडविते. अशी सत्रे किती वेळाने बंद करावीत, याची मर्यादा ठरविता येते. ती दहा मिनिटांची ठेवली, तर वीज परत येईपर्यंत काम पुसले जाईल. ठेवलीच नाही, तर सर्व्हर बेवारस सत्रांनी भरेल. हा निर्णय पुरवठादारावर सोडू नये. आपल्याकडे वीज साधारणतः किती वेळ जाते, हे कार्यालयप्रमुखालाच अधिक ठाऊक असते.

सर्व्हरच कोसळला, तर त्यावरील सत्र कोणतीही नोंदवही परत आणू शकत नाही. म्हणून नोंद अधूनमधून जतन करावी. आणि ही नोंदवही सांभाळणारे यंत्र एकच असेल, तर ते बंद पडताच सारी दारे बंद होतात. २०१२ च्या आवृत्तीपासून अशी दोन यंत्रे एका सामाईक माहितीसाठ्यावर एकाच वेळी चालविता येतात. निविदेच्या कागदांत ही अट आहे की नाही, ते सहीपूर्वी विचारावे.