वादळी समुद्राचा उपग्रहांद्वारे वेध

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ११० ते १२० किलोमीटर होता. कोणत्या वाड्या हलवावयाच्या, होड्या केव्हा माघारी बोलवावयाच्या, हे ठरविण्यासाठी वादळ समुद्रावर असतानाच त्याचा जोर कळावा लागतो. परंतु जहाजे वादळापासून दूर पळतात आणि वरून छायाचित्र घ्यावे, तर ढगांचे छत आड येते.

सूक्ष्मलहरींना ढगांचा व रात्रीचा अडसर नाही. भारताच्या ‘भास्कर’ उपग्रहावर १९७९ सालीच सूक्ष्मलहरींचा विकिरणमापक होता. २००९ मध्ये ‘ओशनसॅट-२’ वर स्कॅटरोमीटर बसविण्यात आला. हे यंत्र वारा पाहत नाही, पाण्याचा खडबडीतपणा पाहते. त्याने तिरप्या सोडलेल्या सव्वादोन सेंटिमीटर लांबीच्या लहरी वाऱ्याने उठणाऱ्या दीडएक सेंटिमीटरच्या बारीक तरंगांवरून परततात. वारा वाढला की परतणारा संकेत बळावतो. एकाच जागेकडे निरनिराळ्या बाजूंनी पाहिल्यास वाऱ्याची दिशाही उमगते.

मात्र वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास गेला की लाटा फुटून पाणी फेसाने व तुषारांनी झाकले जाते. मग वारा कितीही वाढो, संकेत फारसा वाढत नाही. शिवाय मुसळधार पाऊस या आखूड लहरींना अडवितो. ज्या ठिकाणचा आकडा सर्वांत मोलाचा, नेमके तेथेच माप थिटे पडते.

यावरील उपाय त्या फेसातच सापडला. फेसाळ समुद्र शांत पाण्यापेक्षा अधिक सूक्ष्मलहरी स्वतःहून बाहेर टाकतो आणि वाऱ्याबरोबर हे उत्सर्जन वाढतच जाते. युरोपचा ‘स्मॉस’ (२००९) व अमेरिकेचा ‘स्मॅप’ (२०१५) हे उपग्रह खरे तर मातीतील ओल मोजण्याच्या कामी सोडलेले. परंतु ते टिपतात त्या सुमारे २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरी पावसातूनही जवळजवळ अबाधित येत असल्याने वादळवारे मोजण्यासही त्यांचा उपयोग होऊ लागला. अर्थात त्यांचा एकेक ठिपका सुमारे ४० किलोमीटरांचा. वादळाच्या डोळ्याभोवतीचा सर्वांत जोराचा पट्टा त्याहून अरुंद असल्यास त्याचा वेग आजूबाजूच्या वाऱ्यात मिसळून कमी दिसतो. अशा वेळी हाती आलेला आकडा कमाल न मानता किमान मानणेच शहाणपणाचे.