कोपऱ्यातला माणूस

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



चारचौघींत उभे राहून बोलण्याची ही माझी पहिलीच वेळ. आजवर मंडळात माझे काम म्हणजे चैत्रातल्या हळदीकुंकवाची आंब्याची डाळ आणि पन्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. म्हणून वहीत लिहून आणले आहे. कुठे अडखळले तर सांभाळून घ्यावे.

'आपल्याला आवडणारी एखादी थोर व्यक्ती' या विषयावर पाचजणींनी बोलावे असे ठरले. कोणी जिजाऊ घेतल्या, कोणी सावित्रीबाई. मी नाव सांगितले एडी फच. तेव्हा चिटणीसबाईंनी मला ते दोनदा विचारले आणि मागे काहीजणी हसल्या. हसण्यासारखेच आहे. हे गृहस्थ अमेरिकेतले, जातीने निग्रो म्हणून हिणवल्या गेलेल्या काळ्या लोकांपैकी, आणि धंदा काय, तर मुष्टियुद्ध शिकवण्याचा. ते २००१ साली, नव्वद वर्षांचे होऊन, वारले. मी त्यांना पाहिले नाही. पण गेल्या वर्षी ते आमच्या घरात आले, ते कसे तेवढे सांगते.

माझा धाकटा मुलगा तीन वर्षे बॉक्सिंग शिकतो आहे. माझे माहेर कोल्हापूरचे. वडील, म्हणजे आबा, तालमीतले. लाल माती, जोर-बैठका, खुराक, वस्तादांचा दरारा, हे सगळे मी लहानपणापासून पाहिलेले. कुस्तीत पाठ मातीला लागली की निकाल लागला. उठायचे, अंग झाडायचे, घरी जायचे. या बॉक्सिंगचे तसे नाही. तिथे माणूस उभा आहे तोवर मार खातच राहतो. म्हणून मला तो खेळ मनापासून कधी आवडला नाही, हे आधीच कबूल करते.

गेल्या वर्षी एका स्पर्धेत मुलाची झुंज होती. दुसऱ्या फेरीत समोरच्याचे तीन-चार ठोसे कानशिलावर बसले. मुलगा उभा होता, पण पाय सुतासारखे झाले होते. हे मी खुर्चीवरून पाहिले. तेवढ्यात त्याच्या सरांनी कोपऱ्यातून टॉवेल फेकला. म्हणजे हार मान्य केली.

घरी आल्यावर मुलाने दोन दिवस नीट जेवण घेतले नाही. एकच म्हणे, "मी पडलो होतो का? मी उभा होतो. सरांनी माझे नाक कापले." शेजारचे एकजण जिन्यात म्हणाले, आजकालच्या पोरांना शेवटपर्यंत टिकायची सवयच नाही. यांनाही वाटत होते की एकच फेरी उरली होती, खेळू द्यायला हवे होते. डॉक्टरांनी मात्र महिनाभर सराव बंद सांगितला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सर घरी आले. मुलगा आतल्या खोलीतून बाहेर येईना. सरांनी त्याला हाक मारली नाही. चहा घेतला आणि माझ्याशी बोलत बसले. पण आवाज मात्र आत ऐकू जाईल एवढा ठेवला. तेव्हा त्यांनी मला एडी फच यांची हकिकत सांगितली. नंतर मी मुलाकडून फोनवर ती झुंज लावून घेतली आणि पाहिली. एकदा नव्हे, तीनदा.

एडी फच यांचा जन्म ९ ऑगस्ट १९११ रोजी मिसिसिपी राज्यातल्या हिल्सबरो या गावी झाला. ते लहान असतानाच आईबाप पोटासाठी डेट्रॉईट शहरात आले. तरुणपणी ते स्वतः चांगले मुष्टियोद्धे होते. पुढे जगज्जेते झालेले धिप्पाड जो लुई हे त्याच व्यायामशाळेतले. एडी वजनाने लहानखुरे, तरी लुई सरावाला त्यांनाच बोलावीत, कारण त्यांच्या चपळाईसमोर आपली परीक्षा होते. पण धंदा म्हणून खेळायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांना त्यांच्या हृदयात दोष सापडला आणि खेळणे बंद झाले. मग ते पोरांना शिकवू लागले. पहिला जगज्जेता शिष्य मिळाला तो १९५८ साली, डॉन जॉर्डन. तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस होते. बायांनो, माझ्यापेक्षाही जास्त. हे वाचून मला उगीचच बरे वाटले.

ते आरडाओरडा करणाऱ्यांतले नव्हते. हळू बोलत, नीटनेटके राहत आणि त्यांना कवितांची फार आवड होती. त्यांचे बळ डोळ्यांत होते. महंमद अली हे नाव आपल्यापैकी पुष्कळजणींनी ऐकले असेल. या अलींना कोणी हरवू शकत नव्हते. फच यांनी त्यांचा खेळ बघून हेरले, की खालून वर उजवा ठोसा मारताना अली आपला हात खाली सोडतात आणि तेवढा वेळ त्यांचा गाल उघडा राहतो. त्यांनी आपल्या गोटातल्या जो फ्रेझरला सांगितले, त्याच क्षणी डावा ठोसा मार. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कला फ्रेझर जिंकला. शेवटच्या, पंधराव्या फेरीत त्याच्या डाव्या ठोशाने अली पाठीवर पडले. दोन वर्षांनी केन नॉर्टन या दुसऱ्या शिष्याने अलींचा जबडा मोडला. दूध उतू जाण्याआधी कडेला बारीक फेस येतो, तो ज्या बाईला दिसतो तिचे दूध कधी उतू जात नाही. तसे हे डोळे.

पण मला सांगायची आहे ती जिंकण्याची गोष्ट नाही.

१ ऑक्टोबर १९७५. फिलिपाईन्स देशात मनिलाजवळ अली आणि फ्रेझर तिसऱ्यांदा समोरासमोर आले. त्या काळी पंधरा फेऱ्या असत, प्रत्येक फेरी तीन मिनिटांची. मधे फक्त एक मिनिट. त्या एका मिनिटात कोपऱ्यातल्या माणसाने स्टूल पुढे करायचे, तोंडाला पाणी लावायचे, फुटलेल्या भुवईला मलम चोपडायचे, सुजेवर गार काहीतरी दाबायचे आणि पुढची युक्ती सांगायची. झुंज सकाळची, पण आत उकाडा असह्य. दोघांनीही एकमेकांना इतके मारले, की पाहताना माझ्या हातातली भाजी तशीच राहिली. तेराव्या-चौदाव्या फेरीत फ्रेझरचा उजवा डोळा सुजून मिटला होता. डावा डोळा त्याचा मुळातच अधू. म्हणजे समोरून येणारा ठोसा त्याला दिसतच नव्हता, आणि तरी तो पुढे पुढे जात होता.

चौदावी फेरी संपली. राहिली फक्त एक. तीन मिनिटे! फच यांनी फ्रेझरकडे पाहिले आणि पंचांना सांगितले, पुरे. फ्रेझर उठू पाहत होता, नको नको म्हणत होता. फच यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवले, आणि तू आज जे केलेस ते कोणी विसरणार नाही असे सांगितले. अली जिंकले; पण जिंकलेले अलीसुद्धा जागच्या जागी कोसळले. पुढे ते म्हणत, मरणाच्या इतके जवळ आपण कधी गेलो नव्हतो. आपण हरलो ते फच यांच्यामुळे, असे फ्रेझरला वाटले असेल नसेल; पण त्याने त्यांना सोडले नाही. पुढच्या वर्षीच्या झुंजीतही त्याच्या कोपऱ्यात फचच होते. फ्रेझर लेकुरवाळा माणूस, आणि तो २०११ सालापर्यंत जगला. म्हणजे त्या दिवसानंतर छत्तीस वर्षे.

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. फ्रेडी रोच नावाचा एक शिष्य होता. त्याचे अंग जड पडू लागलेले पाहून फच यांनी त्याला सांगितले, आता खेळणे थांबव. त्याने ऐकले नाही. तो आणखी काही झुंजी खेळला, हरला, आणि १९८६ साली थांबला. पुढे त्याला कंपवाताचा आजार जडला. हाच रोच परत फच यांच्याकडे आला, बिनपगारी त्यांच्या हाताखाली शिकला आणि स्वतः नावाजलेला शिक्षक झाला. त्याचा सर्वांत मोठा शिष्य मॅनी पॅकियाओ. तोही फिलिपाईन्सचाच.

"वहिनी," सर उठताना म्हणाले, "त्याला माझा राग असेल तर असू दे. राग यायला पोरगा शाबूत पाहिजे."

ते गेल्यावर मुलगा बाहेर आला आणि त्याने ताट वाढून मागितले. एवढेच. पायाबिया पडला नाही. महिन्याने पुन्हा जाऊ लागला.

माझे भाषण खरे तर इथे संपायला हवे. पण भगिनींनो, तिसऱ्यांदा ती झुंज पाहताना मला फ्रेझर दिसतच नव्हता. मला माझी आक्का दिसत होती.

आक्का माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. लग्न होऊन परगावी गेली. पहिल्या वर्षीच माहेरी आली, अंगावर वळ घेऊन. आबांनी तिला समजावून परत पाठवले. दुसऱ्यांदा आली तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा आली ती डावा कान धरून. आबा वाईट नव्हते हो. आम्हा मुलींवर जीव टाकणारे. पण वस्तादांनी शिकवलेले एकच वाक्य त्यांच्यापाशी होते, की मैदान सोडून येऊ नये. तेच त्यांनी तिला सांगितले. आई चुलीशी बसून रडली, पण बोलली नाही. मी तेव्हा चौदा वर्षांची. शाळा सुटली होती, घरीच असे. आक्काची पिशवी उचलून तिला एस.टी.वर बसवायला मीच गेले. गाडी सुटताना तिने खिडकीतून काही विचारले आणि मी उत्तर दिले. तिला ते ऐकू आले नाही. मला वाटले, गाडीच्या आवाजामुळे.

पुढे सहा वर्षांनी ती दोन लेकरे घेऊन आपणहून निघाली. तिच्यासाठी टॉवेल कोणी फेकला नाही, तिनेच फेकला. पोळी-भाजीचे डबे करून मुले शिकवली. डाव्या कानाने तिला आजही ऐकू येत नाही. आबा शेवटच्या आजारात तिच्याच हातची पेज घेत होते. त्यांनी त्याविषयी एक शब्द काढला नाही, तिनेही नाही.

हे सर्व बोलू का, असे मी तिला आधी विचारले होते. ती म्हणाली, "बोल, पण माझ्या डब्यांचेही सांग." तर डब्यांचेही सांगितले.

ती आज इथे आली आहे. मी मघाशी तिला मुद्दाम डाव्या बाजूच्या खुर्चीवर बसवले, म्हणजे व्यासपीठ तिच्या उजव्या कानाकडे येते.

आक्का, ऐकू येते ना?