दोहन की शोषण?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात शेल खडकातील वायूसाठी पाणी, वाळू व रसायने प्रचंड दाबाने भूगर्भात सोडली जातात. खडक भंगतो, वायू मुक्त होतो. परतणारे पाणी मात्र समुद्राहून खारट असते आणि खडकातील रेडियम सोबत आणते. असे सांडपाणी प्रक्रियेनंतर ब्लॅकलिक ओढ्यात सोडले जाई. ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांना २०१३ मध्ये तेथील गाळात, वरच्या प्रवाहाच्या तुलनेत, सुमारे २०० पट रेडियम आढळले. बहुतांश रेडियम प्रक्रियेत निघूनही ही स्थिती! रेडियम-२२६ निम्मे होण्यास १६०० वर्षे लागतात. स्वामित्वधन आजच्या जमीनमालकाला, गाळ साठ पिढ्यांना. त्यांची संमती कोणी घेतली? २०१६ मध्ये हे पाणी सार्वजनिक सांडपाणी केंद्रांत पाठविण्यास अमेरिकी शासनाने बंदी घातली. खासगी केंद्रे त्या नियमाबाहेरच राहिली.