वार्धक्य आणि यंत्राची कसोटी

म्हातारपण आणि तंत्रज्ञान हे शब्द एकत्र आले की बोलणाऱ्यांचे दोन तट पडतात. एकाला वाटते, मनगटावर घड्याळ बांधले आणि दिवाणखान्यात कॅमेरा लावला की आईवडिलांची काळजी मिटली. दुसऱ्याच्या मते हे सगळे पोरांचे खेळ. सत्तरीच्या माणसाला त्याचे काय? दोघेही एक प्रश्न विचारायचे विसरतात: या यंत्रामुळे त्या माणसाला स्वतःचे स्वतः काय करता येऊ लागले? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५च्या अहवालात निरोगी वार्धक्याची जी व्याख्या केली, ती रोग नसण्यावर बेतलेली नाही. आपल्याला जे मोलाचे वाटते ते करत राहण्याची क्षमता टिकवणे, असा तिचा रोख आहे. गुडघे दुखतात, साखर आहे, तरी बाई मंडईत जाते, हिशेब बघते, चार जणींत बसते, तर तिचे वार्धक्य निरोगीच म्हणायचे. माझे म्हणणे या कसोटीवर उभे आहे. म्हाताऱ्या माणसावर नुसती नजर ठेवणारे यंत्र फार तर त्याच्या मुलांची झोप सुधारते. त्याच्या हातून सुटत चाललेले काम पुन्हा त्याच्या हाती देणारे यंत्र वेगळे, आणि आपण पैसे व अक्कल दोन्ही खर्च करायची ती त्याच्यावर.

या हिशेबात पहिला मान मी कानामागच्या यंत्राला देईन. आजचे श्रवणयंत्र म्हणजे एक चिमुकला संगणकच आहे. बोलणे आणि पंख्याची घरघर यांची तो होईल तितकी फारकत करतो. कमी ऐकू येऊ लागले की माणूस आधी फोन घ्यायचे टाळतो, मग लग्नकार्यात कोपरा धरतो, आणि शेवटी घरातले त्याला काही विचारायचेच सोडून देतात. स्मृतिभ्रंशाबद्दलच्या लॅन्सेट आयोगाने २०२४ मध्ये ज्या १४ कारणांवर इलाज करता येण्याजोगा आहे असे म्हटले, त्यांत कमी ऐकू येणे हे एक आहे. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षे प्रयोग झाला: एका गटाला श्रवणयंत्रे आणि मार्गदर्शन, दुसऱ्याला नुसते आरोग्यशिक्षण. २०२३ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा सगळे मिळून दोन गटांत फरक दिसला नाही. पण ज्यांना मुळात धोका जास्त होता, त्यांच्यात बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली होती. म्हणजे उपाय सरसकट नव्हे, गरजूंना लागू पडतो. याउलट अ‍ॅपलच्या घड्याळावरून हृदयाचे अनियमित ठोके ओळखण्याचा जो अभ्यास २०१९ मध्ये छापून आला, त्यातल्या ४ लाख १९ हजारांवर लोकांपैकी निम्म्याहून अधिक चाळिशीच्या आतले होते. पासष्टीपुढचे, म्हणजे ज्यांना खरी भीती, ते जेमतेम सहा टक्के. घड्याळ कोण घेतो आणि गरज कोणाला, याचे उत्तर त्यातच आहे. आपल्याकडे मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या पात्र व्यक्तीला एकदाच ३,००० रुपये मिळतात. चष्मा आणि काठी त्यात होईल. चांगले श्रवणयंत्र होणार नाही. झालेच, तरी आवाज जुळवून देणारा तज्ज्ञ जवळपास नसेल तर ते डबीतच पडून राहते.

दूरदेखभालीची गोष्ट अशीच. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल, केंट आणि लंडनचा न्यूअम भाग इथल्या ३,२३० जुनाट रुग्णांवर मोठा प्रयोग झाला. त्यातल्या एका गटाने घरबसल्या वजन, साखर, रक्तदाब मोजायचा आणि यंत्रातून कळवायचा. २०१२ मध्ये कळले की वर्षभरात या गटातले ४.६ टक्के दगावले, तर नेहमीच्या उपचारांवरच्यांपैकी ८.३ टक्के. पुढच्या वर्षी त्याच प्रयोगाचा दुसरा हिशेब आला: जगण्याच्या प्रतीत फरक नाही, आणि खर्चाच्या मानाने फायदा परवडणारा नाही. पहिला आकडा सगळे सांगतात, दुसरा कोणी सांगत नाही. आकडे पाठवून काम अर्धेच होते; पलीकडे ते वाचून हालचाल करणारा माणूस असावा लागतो. म्हणून ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेत मला आवडते ती घरून मोबाइलवर बोलण्याची सोय नव्हे, तर उपकेंद्रातली. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाशेजारी बसतो आणि डॉक्टर पडद्यावर असतात. धडगावकडच्या आजीची नंदुरबारची फेरी वाचू शकते, आणि गोळी जेवणाआधी की नंतर हे शेजारचा माणूस तिच्या बोलीत समजावतो.

आता एक उदाहरण जवळून पाहू, कारण आपल्यापैकी निम्मे तरी त्यातून गेले असतील. निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी बँकेत जाऊन साहेबांसमोर सही करायची. १० नोव्हेंबर २०१४ला ‘जीवन प्रमाण’ आले आणि अंगठ्याच्या ठशावर काम भागू लागले. ज्याचे भागले त्याचे भागले. ज्याने जन्मभर भांडी घासली, वीटकाम केले किंवा छापखान्यात खिळे जुळवले, त्याच्या बोटांच्या रेषा साठीपर्यंत झिजलेल्या असतात. यंत्रावर बोट ठेवायचे, पुसायचे, पुन्हा ठेवायचे, दुसरे बोट, मग दुसरा हात. माणूस समोर जिवंत उभा आणि यंत्र त्याला ओळखायला तयार नाही. २०२१च्या नोव्हेंबरात चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली, पोस्टमन त्याआधीच थोडे शुल्क घेऊन घरी येऊ लागला होता, आणि तेच तंत्रज्ञान अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्याही कामी आले. मधल्या सात वर्षांत म्हातारी माणसे बदलली नव्हती. बदलले ते यंत्र, आणि बदलायचे होते तेही यंत्रानेच.

यावर पहिला आक्षेप येतो तो शिकण्याचा: या वयात जमत नाही. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर ४५ वर्षांपुढच्या ७२,००० हून अधिक लोकांची पाहणी केली. साठीपुढच्यांपैकी निम्म्याहून अधिक कधी शाळेतच गेले नव्हते, आणि त्यांत बायका जास्त. आक्षेप खरा असेल तर तो इंग्रजी मेनू आणि मुंगीएवढ्या अक्षरांबद्दल खरा आहे. बोलून निरोप पाठवता येतो म्हटल्यावर ज्यांना लिहिता येत नाही त्या आज्याही व्हॉट्सअ‍ॅपवर नातवंडांना रागवतात. दुसरा आक्षेप फसवणुकीचा, आणि तो मी हलका मानत नाही. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही कारवाई कायद्यात नाही, तरी पोलिसी आवाजात धमकावून आयुष्याची पुंजी काढून घेतली जाते. पण ती भामट्याच्या हाती लागते ती भीतीमुळे आणि एकटेपणामुळे. फोन काढून घेतल्याने दोन्ही वाढतात. सायबर फसवणूक कळवण्याचा १९३० हा क्रमांक पाठ असणे आणि पैसे हलवण्याआधी कोणाला तरी विचारायची सवय असणे, हे जास्त कामाचे. तिसरे म्हणणे असे की यंत्र आले की माणसे येईनाशी होतात. अमेरिकेतल्या मुलाने रविवारचा व्हिडिओ कॉल केला म्हणून दिवाळीला यायचे टाळले, तर हे म्हणणे खरे ठरते. पण येणारच नव्हता त्याचा चेहरा तरी दिसतो, हेही नाकारता येत नाही. खिडकी बंद करून सगळे अ‍ॅपवर ढकलणाऱ्या बँकेबद्दल मात्र माझी तडजोड नाही: पासबुक आणि माणूस, दोन्ही राहिले पाहिजेत.

राहता राहिला प्रश्न की हे शिकवायचे कोणी. मुलांना वेळ नसतो, आणि वेळ असला तर धीर नसतो. ‘बाबा, परवाच तर सांगितले’ हे वाक्य शिकण्याची इच्छा मारायला पुरेसे आहे. आपल्याकडे गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, फेस्कॉमसारखा त्यांचा महासंघ आहे, विरंगुळा केंद्रांत खुर्च्या आणि पंखे आहेत. तिथे आठवड्यातून दोन तास एक टेबल लावावे, आणि शिकवणारा सत्तरीतलाच असावा, कारण कुठे अडते ते त्याला माहीत असते. त्याच टेबलावर महिन्यातून एकदा कान तपासणाऱ्याला बोलवावे. आरंभ पावसाळ्याआधी झाला तर नोव्हेंबरच्या दाखल्यापर्यंत सभासदांचा हात बसलेला असेल.