परवाना नीट वाचा



परीक्षेच्या आदल्या रात्री मोबाइलवरच्या ज्या व्याख्यानांनी तुम्हाला तारलं, ती फुकट मिळाली, पण आपोआप मिळाली नाहीत. ज्ञान असं खुलं व्हावं म्हणून आधी कुणीतरी झटलं. ब्रिटनमध्ये ओपन युनिव्हर्सिटीला १९६९ साली सनद मिळाली. कल्पना पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांची, पण विरोध अंगावर घेऊन ती तडीस नेली त्यांच्याच सरकारातल्या जेनी ली यांनी. खाणकामगाराची ही मुलगी. १९७१ पासून बीबीसीवर धडे सुरू झाले आणि प्रवेशासाठी आधीच्या गुणपत्रिकेची अट नव्हती. २००६ साली त्याच विद्यापीठाने ‘ओपनलर्न’वर अभ्याससाहित्य सगळ्या जगाला मोकळं केलं.

मला मात्र त्याहून जवळचा वाटतो केंब्रिजच्या मटेरियल्स सायन्स विभागाचा ‘डूइटपॉम्स’ हा संग्रह. त्यात सूक्ष्मदर्शकाखाली टिपलेली धातूंची शेकडो छायाचित्रं आहेत. ०.८ टक्के कार्बनचं पोलाद सावकाश थंड केलं की फेराइट आणि सिमेंटाइटचे थर एकाआड एक कसे बसतात, ते तिथे डोळ्यांनी दिसतं. चित्रासोबत धातूची घटकरचना असते, तो कसा तयार केला त्याची नोंद असते. ती नोंद नसती तर चित्र नुसतं देखणं राहिलं असतं.

आणि खाली परवाना असतो. तो कुणी वाचत नाही, म्हणून आज मुद्दाम सांगतो. मूळ कर्त्याचं नाव द्या, धंदा करू नका आणि तुम्ही जे नवं कराल तेही याच अटींवर इतरांना द्या. या अटी पाळून भाषांतराची, भर घालण्याची पूर्ण मुभा आहे. मराठीत ते काम आपण फार थोडं केलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भर घालायला आपल्याकडे काय कमी आहे? शिरोली, गोकुळ शिरगाव, बेळगावचं उद्यमबाग, सगळीकडे फाउंड्री आहेत! तिथला जुना मिस्त्री वितळलेल्या बिडाची छोटी पाचर ओततो, थंड झाल्यावर फोडतो आणि टोकाची पांढरी पट्टी किती रुंद आहे ते बघून किती फेरोसिलिकॉन घालायचं याचा अंदाज बांधतो. पातळ भाग लवकर थंड झाला तर कार्बनचं ग्राफाइट होत नाही, कठीण सिमेंटाइट होतं; तीच ती पांढरी पट्टी. मग ती कड लेथवर टूल खाते. हे तो जाणतो, पण त्याच्यामागून आलेल्या पोराला ते वाचायला कुठेच मिळत नाही.

तुमच्यापैकी जे फाउंड्रीत रुजू होतील, त्यांनी मालकाची परवानगी घेऊन अशी एक पाचर कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणावी. पॉलिश करा, आम्लाने एच करा, फोटो काढा. खाली घटकरचना लिहा, मिस्त्रींचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत आणि त्यांच्या नावानिशी लिहा, आणि तोच परवाना लावून सगळ्यांसाठी खुलं करा. मजकूर तपासून द्यायला मी तयार आहे. दिवाळीपर्यंत पहिली दहा छायाचित्रं माझ्याकडे पाठवा.